नॉन-ब्लॉकिंग फंक्शनच्या पोटातला ब्लॉकिंग कॉल

प्रोग्रॅम थांबला, पण पडला नाही. एरर नाही, कोअर फाइल नाही. सगळ्या प्रोसेस जिवंत, सीपीयू शंभर टक्के खाणाऱ्या, आणि आउटपुट एका टप्प्यानंतर गप्प. मेसेज-पासिंगवर, म्हणजे प्रोसेसनी एकमेकींना संदेश पाठवत काम करण्याच्या पद्धतीवर, आणि एमपीआय या तिच्या स्टँडर्डवर काम करणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं असतं. इथे वेगळी गोष्ट एकच होती: सगळ्या प्रोसेस ज्या फंक्शनच्या आत अडकल्या होत्या, त्याचं आश्वासन होतं की हा कॉल नॉन-ब्लॉकिंग आहे, म्हणजे कुणासाठी न थांबता लगेच परत येतो.

प्रकरण समजायला पूर्ण कोड लागत नाही, म्हणून गाठीपुरताच भाग ठेवून तीन प्रोसेसवर उतरवलेल्या रूपात ते इथे मांडतो. फंक्शनांची नावं माझी आहेत.

एक सिम्युलेशन आहे. त्याचं क्षेत्र प्रोसेसमध्ये वाटलेलं आहे आणि जिथे बारकावा हवा तिथे जाळी आपोआप बारीक होते. अशा प्रत्येक बारीक पॅचचे भाग दोन-चार प्रोसेसकडे असतात आणि तेवढ्याच प्रोसेसचा एक छोटा कम्युनिकेटर, म्हणजे आपापसांत संदेश पाठवणारा गट, बनवलेला असतो. एकच प्रोसेस अनेक पॅचमध्ये असू शकते, म्हणजे ग्रुप एकमेकांवर चढलेले. हे कम्युनिकेटर कॉम-क्रिएट-ग्रुपने बनतात. एमपीआय 3.0 मध्ये, म्हणजे 2012 साली आलेल्या या कॉलमध्ये फक्त ग्रुपच्या सभासदांनी भाग घ्यायचा असतो, बाकीच्यांना हाक मारावी लागत नाही. जाळीचा कोड ते पॅचच्या जागतिक क्रमांकानुसार चढत्या क्रमाने बनवतो. हा तपशील पुढे लागणार आहे.

दुसरीकडे बेरजेची एक लायब्ररी आहे. ती पॅचवरची एकूण राशी अशी काढते की प्रोसेसची संख्या बदलली तरी उत्तराचा शेवटचा बिटसुद्धा बदलू नये. त्यासाठी दोन टप्पे लागतात: आधी सर्वांत मोठं मूल्य शोधायचं, मग त्या मापाला धरून बेरीज करायची. वापरणाऱ्याला दिसतात ती फंक्शनं दोनच, बेरीज_सुरू आणि बेरीज_तपास. पहिलं काम लावून देतं आणि परत येतं, दुसरं झालं की नाही ते सांगतं. मधल्या वेळात प्रोसेसने आपलं गणित करत राहावं, अशी कल्पना.

लायब्ररीला स्वतःचा कम्युनिकेटर लागतो आणि तो ती मिळालेल्या कम्युनिकेटरची प्रत काढून मिळवते. कारण माहीत असलं तरी पुन्हा मांडतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघतो. पॉइंट-टू-पॉइंट संदेश जुळवताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: पाठवणारी रँक (प्रोसेसचा गटातला क्रमांक), टॅग (संदेशावरचा आकडा) आणि कम्युनिकेटरचा कॉन्टेक्स्ट (एका कम्युनिकेटरचे संदेश दुसऱ्यापासून वेगळे ठेवणारा अंतर्गत क्रमांक). वापरणाऱ्याने ‘कुणाकडूनही, कुठल्याही टॅगचा’ असा रिसीव्ह टाकलेला असेल आणि लायब्ररी त्याच कम्युनिकेटरवर संदेश पाठवत असेल, तर तो रिसीव्ह लायब्ररीचा संदेश गिळणार. टॅग वाटून घेऊन हे टळत नाही. कॉन्टेक्स्टच वेगळा हवा. आमच्या लायब्ररीत फक्त कलेक्टिव्ह, म्हणजे गटातल्या सगळ्यांनी मिळून करायचे, कॉल आहेत, तरीही सुटका नाही. दुसऱ्या टप्प्याची बेरीज बेरीज_तपासच्या आतून, पहिला टप्पा संपलेला दिसेल तेव्हा सुरू होते. हा क्षण प्रत्येक प्रोसेसवर वेगळा. एकाच कम्युनिकेटरवर कलेक्टिव्ह कॉल सगळ्यांनी एकाच क्रमाने करायचे, हा एमपीआयचा कडक नियम आहे. वापरणाऱ्याच्या कम्युनिकेटरवर हे चालवलं असतं तर एका प्रोसेसवर आमची बेरीज त्याच्या बॅरिअरच्या (सगळे येईपर्यंत थांबवणाऱ्या कॉलच्या) आधी पडली असती, दुसरीवर नंतर.

म्हणून कॉम-डुप, म्हणजे कम्युनिकेटरची प्रत काढणारा एमपीआयचा कॉल. प्रत दर वेळी काढायची नाही. पहिल्यांदा काढायची आणि मूळ कम्युनिकेटरला अ‍ॅट्रिब्यूट (कम्युनिकेटरसोबत ठेवता येणारी नोंद) म्हणून चिकटवून ठेवायची, पुढच्या वेळी तिथूनच उचलायची. पेट्स्कसारख्या नावाजलेल्या लायब्ररीही हेच करतात. पद्धत चांगलीच आहे. अडचण ‘पहिल्यांदा’ या क्षणात आहे.

बेरीज_सुरूच्या आत, पहिल्या वेळी, साधा कॉम-डुप होता. तो कलेक्टिव्ह आहे आणि ब्लॉकिंग आहे: ग्रुपमधल्या सगळ्यांनी तो बोलावल्याशिवाय सहसा कुणाचाच सुटत नाही. हे असंच का, तर नव्या कॉन्टेक्स्टचा क्रमांक सर्व सभासदांकडे मोकळा असावा लागतो आणि त्यावर एकमत व्हावं लागतं. एमपीआयसीएच या एमपीआयच्या इम्प्लिमेंटेशनमध्ये प्रत्येक प्रोसेस मोकळ्या क्रमांकांचा बिट-मास्क बाळगते. सगळ्यांचे मास्क ऑलरिड्यूसने (सगळ्यांची मूल्यं एकत्र करून उत्तर सगळ्यांना देणाऱ्या कलेक्टिव्ह कॉलने) ‘अँड’ करायचे आणि जो बिट उरेल तो घ्यायचा. ओपन एमपीआय या दुसऱ्या इम्प्लिमेंटेशनची जुनी रीत म्हणजे प्रत्येकाने आपला सर्वांत लहान मोकळा क्रमांक सुचवायचा, त्यातला सर्वांत मोठा निवडायचा, तो सगळ्यांना चालतो का ते विचारायचं आणि नाही म्हटलं तर पुन्हा फेरी. मार्ग कुठलाही असो, इतरांशी बोलल्याशिवाय क्रमांक ठरत नाही.

आता तीन प्रोसेस घ्या. पॅच क मध्ये 0 आणि 1, पॅच ख मध्ये 1 आणि 2, पॅच ग मध्ये 2 आणि 0. भौतिकीचा कोड आपल्याकडचे पॅच ज्या क्रमाने घेतो तो स्थानिक क्रम आहे, सर्वांत जड पॅच आधी. 0 ला क जड वाटला, 1 ला ख, 2 ला ग. 0 क च्या डुपमध्ये 1 ची वाट पाहते, 1 ख च्या डुपमध्ये 2 ची, 2 ग च्या डुपमध्ये 0 ची. कुणीच चुकीचा कॉल केलेला नाही. प्रत्येक कम्युनिकेटरपुरतं पाहिलं तर क्रमही बरोबर आहे, कारण प्रत्येकावर एकच डुप आहे. चक्र कम्युनिकेटरांच्या मधल्या जागेत तयार झालं.

जीडीबी हा डीबगर लावून प्रत्येक प्रोसेसचा स्टॅक काढला की सगळ्यांच्या माथ्याजवळ तेच ऑलरिड्यूस आणि त्याखाली कॉम-डुप दिसतं. इथे सहज चकवा बसतो. ‘सगळ्याच डुपमध्ये आहेत, मग पूर्ण का होत नाही, एमपीआयमध्येच बग असणार’ असं वाटतं. एक फ्रेम खाली जाऊन कुठल्या कम्युनिकेटरवर डुप चालू आहे ते पाहिल्यावर गोष्ट उलगडते. कम्युनिकेटरला नाव देण्याचा एमपीआयचा कॉल फार कमी लोक वापरतात. अशा वेळी तो सोन्याचा ठरतो: हँडलच्या (कम्युनिकेटर ओळखायच्या अंतर्गत खुणेच्या) आकड्याऐवजी ‘पॅच 412’ वाचायला मिळालं तर कोण कुणासाठी थांबलंय त्याची आकृती कागदावर दोन मिनिटांत निघते.

आधी हे चालत कसं होतं? जड पॅच आधी घेण्याची सुधारणा येण्यापूर्वी पॅच बनवल्या क्रमानेच घेतले जात, आणि तो क्रम जागतिक होता. सुधारणा आल्यानंतरही छोट्या चाचण्यांत सगळे पॅच सारख्याच वजनाचे, म्हणून क्रम हलत नव्हता. जाळी खरी असमान झाली तेव्हा हलला.

इथे पहिला उपाय सुचतो तो म्हणजे क्रम परत जागतिक करा. तो चुकीचा नाही. सगळ्या प्रोसेसनी सगळे कम्युनिकेटर एकाच चढत्या क्रमाने घेतले तर चक्र बनूच शकत नाही, कारण बाकी असलेल्यांतला सर्वांत लहान क्रमांक घ्या, त्याच्या सभासदांना त्याआधी दुसरं कुठलंच काम उरलेलं नसतं, म्हणजे तो पूर्ण होणारच. पण याचा खर्च डोळ्यांआड राहतो. प्रोसेस एका ओळीत आहेत आणि ग्रुप फक्त शेजाऱ्यांचे आहेत असं धरा: 0-1, 1-2, 2-3. चढत्या क्रमाने गेलं तर 1-2 ची प्रत 0-1 ची झाल्याशिवाय सुरू होत नाही, 2-3 ची 1-2 नंतर. 1,024 प्रोसेस असतील तर 1,023 पायऱ्या एकामागून एक, तेही प्रत्येक पायरीवर फक्त दोन प्रोसेस काम करत असताना. आधी सम आणि मग विषम जोड्या घेतल्या तर तेच काम दोन पायऱ्यांत होतं, पण तसा रंगक्रम काढायला सगळ्या ग्रुपचा नकाशा हाताशी लागतो. लायब्ररीला तो कुठून मिळणार? तिच्या हातात एका वेळी एकच कम्युनिकेटर येतो. आणि खर्चापेक्षा मोठी हरकत अशी की हा उपाय लायब्ररीचा बोजा वापरणाऱ्यावर टाकतो. ‘हा कॉल लगेच परत येतो, मात्र पहिल्या वेळी तो कुठल्या क्रमाने करायचा हे जगभर ठरवून या’ असा करार मला मान्य नाही.

डुप वेगळ्या थ्रेडमध्ये टाकण्याची सूचनाही आली. त्यासाठी एमपीआय थ्रेड-मल्टिपल पातळीवर, म्हणजे अनेक थ्रेडना एकाच वेळी एमपीआय कॉल करता येतील असं, सुरू करावं लागतं, ज्याची किंमत सगळ्या संदेशांना मोजावी लागते. शिवाय एकाच कम्युनिकेटरवर दोन थ्रेडमधून एकाच वेळी कलेक्टिव्ह कॉल होणार नाहीत याची काळजी वापरणाऱ्यानेच घ्यायची. पुन्हा तोच बोजा, जास्त महाग.

तिसरा मार्ग सर्वांत साधा: बेरीज_तयार नावाचं ब्लॉकिंग फंक्शन द्यायचं आणि ते जाळीच्या कोडमध्ये, कम्युनिकेटर बनतो तिथेच बोलवायला सांगायचं. नवी लायब्ररी लिहीत असतो तर मी इथेच थांबलो असतो. पण हिला आधीपासून वापरणारे होते, त्यांच्या कोडला हात लावायचा नव्हता. आणि प्रत्येक पॅचवर बेरीज होईलच असंही नाही. न लागणाऱ्या प्रती काढून ठेवणं कॉन्टेक्स्टच्या मर्यादेमुळे परवडत नाही. त्याबद्दल पुढे.

उरला आयडुप. कॉम-डुपचं नॉन-ब्लॉकिंग रूप, हेही 3.0 मधलंच; बाकीचे नॉन-ब्लॉकिंग कलेक्टिव्ह आले त्याच आवृत्तीत. कॉल लगेच परततो, सोबत एक रिक्वेस्ट देतो, आणि ती पूर्ण झाली की नवा कम्युनिकेटर वापरता येतो. तिन्ही प्रोसेसनी आपापले आयडुप आधी टाकून मग थांबायचं ठरवलं, की चक्र उरत नाही. आयडुप टाकल्यावर 0 ने क साठी थांबावं, 1 ने ख साठी, 2 ने ग साठी, तरी चालतं: एमपीआयच्या आत थांबलेली प्रोसेस नुसती बसत नाही, तिच्यावर टाकलेली बाकीची कामंही पुढे सरकवते. 0 क साठी थांबलेली असताना ग मधला तिचा वाटाही पोचता होतो.

वाचायला सोपं, पण इम्प्लिमेंटेशन लिहिणाऱ्यांसाठी इथे खरी डोकेदुखी आहे, आणि ती पाहण्यासारखी आहे. एका प्रोसेसवर आता एकाच वेळी अनेक वाटाघाटी चालू असतात, सगळ्या त्याच एका मास्कमधून क्रमांक मागणाऱ्या. दोघींनी तोच मोकळा बिट दाखवला तर दोन कम्युनिकेटरांना एक कॉन्टेक्स्ट मिळेल आणि आपण सुरुवातीच्या संदेश-गिळण्याच्या दुखण्यावर परत येऊ. एमपीआयसीएचने केलंय ते असं: मास्कची मालकी एका वेळी एकाच वाटाघाटीकडे. बाकीच्या ऑलरिड्यूसमध्ये भाग घेतात, पण शून्य मास्क घेऊन. त्यामुळे ‘अँड’चं उत्तर शून्य येतं, सगळ्यांना कळतं की या फेरीत काही जमलं नाही, आणि फेरी पुन्हा होते. पण मग 0 ने मालकी क ला दिली, 1 ने ख ला, 2 ने ग ला, तर? सगळ्याच फेऱ्या शून्यावर, सगळे पुन्हा प्रयत्न करत कायमचे फिरत राहतील. डेडलॉक टाळला आणि लाइव्हलॉक आणला. म्हणून मालकीचा अग्रक्रम सगळ्यांना मान्य अशा गोष्टीवर ठरतो: मूळ कम्युनिकेटरचा कॉन्टेक्स्ट क्रमांक लहान, त्याचा नंबर आधी, आणि एकाच मूळ कम्युनिकेटरवर दोन आयडुप असतील तर तो क्रमांक पुरत नाही, तिथे टॅग पाहायचा. म्हणजे वापरणाऱ्याकडून जो जागतिक क्रम मागायला मी तयार नव्हतो तो शेवटी लागलाच. फक्त तो एमपीआयच्या आत गेला, आणि तिथेच त्याची जागा आहे.

बदल करताना बेरीज_सुरूची रचना उलटी करावी लागली. पूर्वी डुप झाला की पुढच्याच ओळीत पहिला टप्पा सुरू करता येत होता. आता आयडुप टाकल्यानंतर नवा कम्युनिकेटर रिक्वेस्ट पूर्ण होईपर्यंत कुठल्याही एमपीआय कॉलला द्यायचा नाही, असं स्टँडर्ड स्पष्ट सांगतं. म्हणून प्रत्येक बेरजेमागे एक छोटं स्टेट मशीन आलं: प्रतीची वाट, कमाल मूल्याची वाट, बेरजेची वाट, संपलं. त्याला पुढे ढकलायचं काम बेरीज_तपासचं. एकाच पॅचवर दोन बेरजा उडत असतील तर दुसरीचा पहिला टप्पा आणि पहिलीचा दुसरा टप्पा प्रोसेसगणिक वेगळ्या क्रमाने पडू शकतो. मगाशी वापरणाऱ्याच्या कम्युनिकेटरबद्दल जे म्हटलं तेच संकट आता आतल्या कम्युनिकेटरवर. त्यासाठी प्रत्येक कम्युनिकेटरमागे एक रांग ठेवली. पुढची बेरीज आधीची पूर्ण संपल्यावरच सुरू होते. थोडा ओव्हरलॅप जातो. जाऊ द्यावा.

नव्या कम्युनिकेटरचा हँडल कुठे ठेवायचा हाही प्रश्न आहे. आयडुप तो आता लिहीत नाही, नंतर कधीतरी लिहितो. बेरीज_सुरूच्या लोकल व्हेरिएबलचा पत्ता दिला तर फंक्शन परतल्यावर तो पत्ता दुसऱ्याच कुणाचा झालेला असतो आणि हँडल तिथे जाऊन पडतो. तो हीपवरच्या स्ट्रक्चरमध्ये हवा. फोर्ट्रानच्या 2008 इंटरफेसमध्ये या आर्ग्युमेंटवर असिंक्रोनस असा शेरा आहे तो याचसाठी. सीमध्ये असं कुणी बजावत नाही.

एवढं झाल्यावर तीन प्रोसेसचं उदाहरण सुटलं आणि मोठा रनही पुढे गेला. आणि मग एका वेगळ्याच ठिकाणी, दर वेळी नाही तर अधूनमधून, पुन्हा हँग. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच. पहिला हँग कुठल्याही अनुभवी माणसाने स्टॅक पाहून ओळखला असता, हा नाही.

जुन्या कोडमध्ये डुप संपल्यावर प्रत अ‍ॅट्रिब्यूट म्हणून चिकटवली जात होती. नव्या कोडमध्येही ती ओळ तशीच राहिली, आयडुप पूर्ण झाल्यानंतरच्या जागी. वाचताना ते योग्यच वाटतं. अर्धवट प्रत कशाला चिकटवायची? आता पॅच क वर 0 आणि 1 दोघींनी पहिली बेरीज सुरू केली. 0 चा आयडुप पूर्ण झाल्याचं तिच्या तपासणीत दिसलं आणि तिने अ‍ॅट्रिब्यूट लावला. 1 गणितात गुंतलेली, तिने अजून तपासलेलंच नाही. दोघी त्याच पॅचवर दुसरी बेरीज सुरू करतात. 0 ला प्रत सापडते, ती दुसरा आयडुप टाकत नाही. 1 ला सापडत नाही, ती टाकते. हा दुसरा आयडुप 0 ची वाट पाहत राहतो आणि 0 कधीच येत नाही. त्यानंतर वापरणाऱ्याने क वर स्वतःचा एखादा कलेक्टिव्ह कॉल केला तर आणखी वाईट: 0 चा बॅरिअर आणि 1 चा आयडुप एकाच जागी येतात, आणि असं झाल्यावर काय होईल याची स्टँडर्ड कसलीच हमी देत नाही.

मूळ दोष असा की ‘ही पहिली वेळ आहे का’ या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक प्रोसेस घड्याळावरून देत होती. कलेक्टिव्ह कॉल करायचा की नाही हे ठरवणारी अट सगळ्या सभासदांवर सारखीच निघाली पाहिजे. ती केलेल्या कॉलच्या क्रमावर अवलंबून चालेल, काय कधी पूर्ण झालं यावर नाही. ब्लॉकिंग डुपमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडत, म्हणून फरक दिसत नव्हता. दुरुस्ती एका ओळीची आहे: स्ट्रक्चर आयडुप टाकण्याच्या क्षणीच अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लावायचं, ‘प्रत चालू आहे’ या स्थितीत. दुसरी बेरीज ते पाहते आणि रांगेत उभी राहते. अ‍ॅट्रिब्यूटच्या कॉपी-कॉलबॅकच्या (कम्युनिकेटरची प्रत निघताना चालणाऱ्या फंक्शनच्या) जागी ‘कॉपी करू नको’ हा तयार कॉलबॅक आधीपासूनच होता, म्हणून वापरणाऱ्याने स्वतः क ची प्रत काढली तर आमचं अर्धवट स्ट्रक्चर तिच्यासोबत जात नाही. तो नसता तर दोन कम्युनिकेटर एका रांगेवर हक्क सांगत बसले असते.

वेगाबद्दल एक खुलासा. आयडुपने सुरुवातीचा खर्च गणिताच्या आड लपेल अशी अपेक्षा बऱ्याच जणांची असते. लपतोच असं नाही. वाटाघाटीच्या फेऱ्या पुढे सरकायला कुणीतरी एमपीआयमध्ये शिरावं लागतं, आणि प्रोसेस लांबलचक लूपमध्ये असेल तर फेरी तिथेच थांबते. शेवटी वेटमध्ये (रिक्वेस्ट पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या कॉलमध्ये) सगळा खर्च जसाच्या तसा समोर येतो. एमपीआयसीएचला पार्श्वभूमीत प्रगती करणारा थ्रेड चालू करायला सांगता येतं, पण तो एक कोर मागतो. आमच्याकडे शेजाऱ्यांशी सीमेवरच्या मूल्यांची देवाणघेवाण दर पायरीला होतेच, त्या वेटमध्ये आयडुपही सरकतो, आणि तेवढं पुरलं. इथे आयडुप घेण्याचं कारण वेग नव्हता.

आता कॉन्टेक्स्टची मर्यादा. एमपीआयसीएचचा मास्क मूळ सेटिंगमध्ये 2048 बिट्सचा आहे. संपला की ‘कम्युनिकेटर फार झाले’ अशी एरर येते. या सिम्युलेशनमध्ये जाळी बदलली की जुने पॅच मोडतात, नवे बनतात. वापरणारा जुना कम्युनिकेटर फ्री करतो, तेव्हा आमच्या अ‍ॅट्रिब्यूटचा डिलीट-कॉलबॅक चालतो आणि त्यात आतली प्रत फ्री करायची असते. पण तिचा आयडुप अजून चालू असला तर? फ्री करायला हँडलच नाही. रिक्वेस्ट सोडून देता येत नाही: नॉन-ब्लॉकिंग कलेक्टिव्हची रिक्वेस्ट रद्द करणं किंवा फ्री करणं दोन्ही निषिद्ध. कॉलबॅकमध्येच थांबलो तर फ्रीच्या आड पुन्हा ब्लॉकिंग आलं, आणि फ्रीचा क्रम प्रोसेसगणिक वेगळा असला तर चक्रही. म्हणून अशा प्रती एका बाजूच्या यादीत जातात आणि पुढच्या कुठल्याही बेरीज_तपासमध्ये आयडुप पूर्ण दिसला की फ्री होतात.

यात एक कच्चा दुवा आहे आणि तो आमच्या हातात नाही. कॉम-फ्री स्वतः कलेक्टिव्ह आहे आणि त्याचं नॉन-ब्लॉकिंग रूप स्टँडर्डमध्ये नाही. इम्प्लिमेंटेशननी तो सहसा स्थानिकच ठेवावा, पण डीबगिंगच्या आवृत्तीने त्यात सगळ्यांना एकत्र थांबवलं तरी हरकत नाही, अशी स्टँडर्डमधली भूमिका आहे. नेहमीच्या आवृत्त्यांवर आमची यादी निर्धास्त रिकामी होते. फ्रीमध्ये सिंक्रोनाइझ करणाऱ्या आवृत्तीवर ती अडकू शकते, म्हणून तिथे यादी मधूनमधून न रिकामी करता जाळी बदलण्याच्या टप्प्यावर, पॅचच्या जागतिक क्रमांकाने रिकामी करायचा पर्याय ठेवला आहे. जाळीच्या कोडला तो क्रम माहीतच असतो.

एमपीआय 4.0 आल्यावर, म्हणजे 2021 पासून, आणखी एक बदल ध्यानात घ्यावा लागला. डुप आणि आयडुप आता मूळ कम्युनिकेटरच्या इन्फो-हिंट्स (वापरणाऱ्याने एमपीआयला दिलेल्या सूचना) प्रतीला देत नाहीत. कारण पटणारं आहे. त्याच आवृत्तीत ‘संदेशांनी एकमेकांना ओलांडलं तरी चालेल’ अशी हमी देणारी हिंट आली. वापरणाऱ्याने आपल्या कम्युनिकेटरवर दिलेली ही हमी लायब्ररीच्या प्रतीला चिकटली असती तर क्रमावर विसंबलेली लायब्ररी बिनबोभाट चुकली असती. हिंट्स हव्याच असतील तर आयडुप-विथ-इन्फो आहे. आम्ही साधा आयडुपच ठेवला.

दोन्ही हँग आता चाचण्यांमध्ये आहेत, आणि दोन्हींना तीन प्रोसेस पुरतात. पहिलीत क, ख, ग चक्राकार क्रमाने घेतले जातात. दुसरीत पॅच क वर 1 मुद्दाम पहिल्या बेरजेनंतर तपास न करता काही सेकंद इतर एमपीआय कॉलमध्ये घालवते, 0 तेवढ्यात आयडुप पूर्ण होईपर्यंत तपासत राहते, आणि मग दोघी दुसरी बेरीज सुरू करतात. जुन्या ओळीवर ही चाचणी अधूनमधून नाही, दर वेळी अडकते.